निकाली बझर: मंडळाच्या गेम शोसाठी भाड्याने मिळणारे तीन संच

पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली की कोल्हापूरचा प्रेक्षक घरी जाताना पैलवानांना नाही, पंचांना नावं ठेवतो. दोघं कितीही घामाघूम झालेले असोत, पाठ मातीला लागली नाही म्हणजे तिकिटाचे पैसे फुकट गेले. तिथल्या खासबाग कुस्ती मैदानात १९१२ पासून ही भूक भागवली जाते. टीव्हीवरच्या ज्या गेम शोला लोक 'क्रूर' म्हणतात, तोही तीच भूक भागवतो. शेवटी एकच उरला पाहिजे, आणि बाकीचे का गेले हे मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं पाहिजे.

मंडळांच्या मांडवात आजवर चाललं ते याच्या उलट. २००४ पासून झी मराठीवर आदेश बांदेकरांनी 'होम मिनिस्टर' घराघरांत नेला आणि पैठणीचा खेळ गल्लोगल्ली आला. त्यात हरलेली वहिनीही हसत, हातात काहीतरी भेट घेऊन घरी जाते. वाईट काही नाही त्यात. पण गेली काही वर्षं मंडळातली पोरं मीटिंगमध्ये म्हणतात, "आण्णा, औंदा बाद करायचा खेळ ठेवूया." बाद करायचं म्हटलं की बझर आले, आणि बझर आले की भाड्याचा संच आला. असे संच साधारण तीन जातींचे असतात. डब्यावरचं नाव आणि स्टिकर बदलतं, आतली जात तीच.

निकाल आधीच सांगून टाकू. वायरवाला, मायक्रोकंट्रोलरचा (आत प्रोग्राम चालवणारी चिप असलेला) आणि 'आधी दाबलं तर कुलूप' (प्रश्न संपण्याआधी दाबणाऱ्याचं बटण क्षणभर बंद) ही सोय असलेला संच घ्या. वायरलेस दिसायला लई भारी, निकालाला कच्चा. जुना साधा डबा चालेल, पण त्याची एक खोड माहीत पाहिजे. ती माहीत नसेल तर रात्री साडेनऊला मांडवात दोन गल्ल्या एकमेकींच्या अंगावर जातील.

टीव्हीकडून नेमकं काय उचलायचं

संच निवडण्याआधी हे पक्कं झालं पाहिजे, कारण यंत्र त्याच्या मागून येतं.

'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० ला सुरू झालं. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती हॉट सीट. पण त्या कार्यक्रमातला सगळ्यात निर्दय भाग हॉट सीटच्या आधीच उरकायचा. दहा जण, एक प्रश्न, चार पर्याय क्रमाने लावायचे. बरोबर लावणाऱ्यांत ज्याचा वेळ सगळ्यात कमी तो पुढे. वेळ पडद्यावर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. उरलेल्या नऊ जणांना त्या फेरीत तोंडातून एक शब्द काढायचीही संधी नाही. तरी कुणी भांडत नाही, कारण आकडा समोर लिहिलेला असतो.

हॉट सीटवरचा घावही तसाच. पहिल्या पर्वात सुरक्षित पडाव दोन होते, १०,००० आणि ३,२०,००० रुपयांवर. पन्नास लाखांवर पोचलेल्या माणसाने एक कोटीचा प्रश्न चुकवला तर तो थेट ३ लाख २० हजारांवर. एका उत्तरात ४६ लाख ८० हजार गेले. पण हा नियम पहिल्या प्रश्नाआधीच माहीत असतो, आणि उत्तर न देता खेळ सोडायची मुभा असते. २०२२ मध्ये कोल्हापूरच्याच एका गृहिणीने तिथे एक कोटी जिंकले आणि साडेसात कोटींच्या प्रश्नाला खेळ सोडला. समोरच्याचा डाव ओळखून वेळेत बाजूला होणं इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

दुसरा नमुना बीबीसीचा, २००० सालीच सुरू झालेला 'द वीकेस्ट लिंक'. आपल्याकडे तो २००१ मध्ये स्टार प्लसवर नीना गुप्तांनी 'कमजोर कडी कौन' म्हणून केला. मूळ खेळात नऊ जण अर्धगोलात उभे. बरोबर उत्तरांची साखळी लांबेल तशी रक्कम वाढत जाते: २० पौंड, ५०, १००, २००, ३००, ४५०, ६००, ८०० आणि नवव्या बरोबर उत्तराला १,०००. मध्ये एक उत्तर चुकलं की साखळी तुटते आणि न साठवलेली रक्कम शून्य. साठवायची तर आपला प्रश्न सुरू व्हायच्या आत 'बँक' म्हणायचं. फेरी संपली की सगळे मिळून एकाला मतदानाने बाहेर काढतात.

या खेळात दोन वेगवेगळे निर्दयपणे आहेत आणि मंडळवाले ते एकत्र उचलतात. साखळी आणि घड्याळ हा एक. तो नियमाचा आहे, त्याचा राग कुणावर काढता येत नाही. मतदान हा दुसरा. तो माणसांचा. शेवटच्या फेऱ्यांत जो सगळ्यात हुशार त्यालाच बाकीचे मिळून काढतात, कारण शेवटच्या दोघांत समोर तो कुणालाच नको असतो. टीव्हीवर हे बघायला मजा येते, कारण खेळ झाला की ती माणसं आपापल्या गावी जातात, पुन्हा तोंड बघायची वेळ येत नाही. पेठेत तसं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच दोघं दूध आणायला एकाच दुकानात उभी. मतं गल्लीप्रमाणे आणि भावकीप्रमाणे पडतात, आणि कमजोर कडी कोण हा प्रश्नच उरत नाही. म्हणून साखळी घ्या, घड्याळ घ्या, मतदान सोडा.

तिसरी गोष्ट, निकाल खरा असला पाहिजे. १९५०च्या दशकात अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाचा प्रश्नमंजुषेचा खेळ तुफान चालला. स्पर्धक बंद काचेच्या खोलीत, कपाळावर घाम, शेवटच्या क्षणी उत्तर. पुढे बाहेर आलं की उत्तरं आधीच पुरवलेली होती, आणि कुणी केव्हा हरायचं हेसुद्धा ठरलेलं होतं. आपल्या भाषेत नुरा कुस्ती. १९६० मध्ये असे खेळ आधी ठरवून घडवणं तिथे कायद्याने गुन्हा झाला. मांडवात कुणी कायदा काढणार नाही, पण "अध्यक्षांच्या पोराला प्रश्न आधीच माहीत होते" ही एक कुजबुज पुढच्या वर्षीची वर्गणी अर्धी करू शकते. आणि ही कुजबुज बहुतेक वेळा माणसाच्या नाही, यंत्राच्या चुकीमुळे सुरू होते.

जात पहिली: ४५११ चा डबा

हा सगळ्यात जुना संच. पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्टमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बनत आलेला. आठ बटणं, प्रत्येकाला डायोडची जोडणी, मध्ये सीडी ४५११ ही आयसी, समोर एक आकड्याचा डिस्प्ले, आणि भोंगा. जो पहिला दाबेल त्याचा नंबर अडकून राहतो, बाकीचे बंद. आत प्रोग्राम नाही, त्यामुळे हँग होणं नाही. वेगाला तर तोड नाही, कुलूप लागायला जो वेळ लागतो तो माणसाच्या बोटाच्या हिशेबात शून्यच.

खोड अशी. या डब्यात १ नंबरचं बटण एक, २ नंबरचं दोन आणि ४ नंबरचं चार अशा वजनांनी आकडा तयार होतो. रीसेट करताना १ आणि २ या दोघांनीही बटण दाबून धरलेलं असेल, तर दोन्ही वजनं एकत्र मिळतात आणि डिस्प्लेवर येतो ३. तीन नंबरवाली मावशी हात मांडीवर ठेवून बसलेली असते. ३ आणि ४ ने धरलं तर ७ दिसतो. २ आणि ८ ने धरलं तर बेरीज दहा होते, ती या आयसीला दाखवता येत नाही, डिस्प्ले कोराच राहतो. प्रेक्षकांना वाटतं मशीन बिघडलं. स्पर्धकांना वाटतं कुणीतरी बिघडवलं.

उपाय फुकटातला आहे. रीसेटच्या आधी सूत्रसंचालकाने दर वेळी "हात वर" म्हणायचं, आठही तळहात दिसल्याशिवाय रीसेट दाबायचं नाही. दहा प्रश्नांनंतर ही सवयच होते, आणि खरं तर तेवढ्यानेच ताण वाढतो. लहान मंडळ, दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, एवढ्यासाठी हा डबा पुरतो. गुण मोजणं, घड्याळ चालवणं, आधी दाबणाऱ्याला पकडणं ही कामं मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची.

जात दुसरी: वायरवाला मायक्रोकंट्रोलर संच

बहुतेक वेळा आत अर्डुइनो किंवा त्याच्या जातीचा बोर्ड असतो. मोठा डिस्प्ले, प्रत्येक बटणात दिवा, सूत्रसंचालकाच्या हातात वेगळा रिमोट. घ्यायचा तो हाच. पण सगळे सारखे नसतात, आणि फरक बाहेरून दिसत नाही.

पहिला फरक प्रोग्राममध्ये. बोर्ड बटणं एकामागून एक तपासतो, १ पासून ८ पर्यंत. नीट लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ही फेरी इतकी झटपट होते की क्रमाचा फायदा कुणालाच मिळत नाही. पण लिहिणाऱ्याने मध्ये डिस्प्लेसाठी किंवा बटणाची थरथर टाळण्यासाठी २०-५० मिलिसेकंदांचा थांबा टाकला असेल, तर त्या थांब्यात दाबलेली सगळी बटणं 'एकाच वेळी' दाबल्यासारखी धरली जातात, आणि मग कमी नंबरवाला जिंकतो. प्रश्न संपला की तयारीतले दोन स्पर्धक इतक्याच अंतराने दाबतात. म्हणजे १ नंबरच्या खुर्चीला फुकटची आघाडी.

हे तपासायला एक फुटपट्टी पुरे. शेजारची दोन बटणं घ्या, समजा १ आणि २. पट्टी दोन्हींवर आडवी ठेवा आणि मधोमध एका बोटाने दाबा. पन्नास वेळा दाबा आणि कुणाचा नंबर लागतो ते कागदावर रेघा मारून मोजा. मग वायरी अदलाबदल करून पुन्हा पन्नास वेळा. साधारण निम्मे-निम्मे आले तर काळजी नाही. वायरी बदलल्यावर नंबर बदलला, पण दोन्ही वेळा जास्त करून तेच बटण लागलं, तर ते बटण हलकं आहे, बदलून मागा. आणि दोन्ही वेळा पन्नासपैकी चाळीसच्या वर १ नंबरच्याच जागेला आले, तर प्रोग्राममध्ये घोळ आहे, तो संच परत करा. दुकानदार "सगळे असेच असतात" म्हणेल. नसतात.

दुसरा फरक वायरींचा. बटण दाबलेलं नसताना लाइन स्थिर ठेवणारा बोर्डाच्या आतला रेझिस्टर (पुल-अप) कमजोर असतो. वायर दहा मीटरच्या वर गेली आणि शेजारून साउंडवाल्याची केबल किंवा एलईडी माळांचा पुरवठा गेला, की बटण न दाबता भोंगा वाजतो. चांगल्या संचात प्रत्येक लाइनला बाहेरून १ ते ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावलेला असतो. डबा उघडून बघायची सोय नसेल तर मांडवातच तपासा. सगळ्या माळा लावा, साउंड चालू करा, जनरेटर सुरू-बंद करा, आणि दहा मिनिटं कुणी बटणाला हात न लावता डबा बघत बसा. एकदा जरी वाजला तर वायरी हलवा. वीजेच्या केबलपासून फूटभर लांब, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात.

तिसरा, जोड. बटणाच्या टोकाला हेडफोनसारखी ३.५ मिमीची पिन असेल तर ती पायाच्या एका हिसक्याने निघते. पुन्हा घुसवताना आतली टोकं क्षणभर एकमेकांना टेकतात आणि त्या खेळाडूचा नंबर लागतो. इंटरनेटच्या केबलसारखे खटका असलेले जोड बरे, किंवा स्क्रूने आवळायचे.

बटणांच्या आकारावर बऱ्याच जणांची फसगत होते. १०० मिमीचं घुमटाकार बटण फोटोत टीव्हीसारखं दिसतं. पण घाईत हात कडेवर पडला तर घुमट तिरका होतो आणि आतला मायक्रोस्विच दबतच नाही. स्पर्धक जीव खाऊन मारतो, आवाज येतो, नंबर येत नाही. ६० मिमीचं बटण दिसायला साधं, पण कुठूनही दाबलं तरी लागतं. मोठंच हवं असेल तर ते फळीवर स्क्रूने पक्कं करून घ्या, सुटं टेबलावर ठेवलं तर पहिल्याच फेरीत ते खाली पडणार.

कुलूप लावायची सोय

हीच सोय या संचाला भाड्याचे पैसे वसूल करून देते. अमेरिकेतला 'जेपर्डी!' हा प्रश्नमंजुषेचा खेळ १९६४ मध्ये सुरू झाला. आजच्या पद्धतीत निवेदकाचा प्रश्न पूर्ण वाचून झाल्यावरच बझर खुले होतात आणि फळ्याच्या कडेचे दिवे लागतात. त्याआधी दाबलं की त्या स्पर्धकाचं बटण पाव सेकंद बंद. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेवढ्यात दुसरा उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. उतावीळपणाची शिक्षा अशी तिथल्या तिथे मिळते, आणि ती यंत्र देतं, माणूस नाही.

मांडवात पाव सेकंद प्रेक्षकांना दिसत नाही. रिमोटमध्ये बदल करता येत असेल तर अर्धा ते एक सेकंद ठेवा, आणि आधी दाबणाऱ्याच्या बटणात लाल दिवा लागेल असं बघा. सोय नसलेल्या संचावर प्रश्न अर्धाच असताना दाबायची चढाओढ लागते, "राजर्षी शाहू..." एवढ्यावरच भोंगा वाजतो. पहिल्या दोन प्रश्नांना हशा पिकतो, पाचव्याला कंटाळा येतो.

जात तिसरी: वायरलेस

थोडक्यात. स्वस्तातले संच गाडीच्या रिमोटसारख्या ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. दोघांनी एकदम दाबलं तर दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून खराब होतात आणि डब्याला एकही कळत नाही. अर्ध्या क्षणाने निवांत दाबणारा तिसरा जिंकतो. महागातले २.४ गिगाहर्ट्झचे असतात, ते संदेश पोचला नाही तर पुन्हा पाठवतात. चिप कशी लावली आहे त्यावर हा उशीर पन्नास-साठ मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो, आणि तो उशीर कोणाच्या वाट्याला येईल सांगता येत नाही. मांडवात दोन-चारशे मोबाइल, ब्लूटूथ स्पीकर, कुणाचा तरी हॉटस्पॉट, सगळे त्याच २.४ वर. बैठकीच्या खोलीत सहा जणांत खेळायचं असेल तर ठीक. मोबाइलवरच्या बझर ॲपचं तर बोलायलाच नको, तिथे ज्याचं नेटवर्क चांगलं तो हुशार.

आठ जणांचा खेळ, हिशेबासकट

आठ स्पर्धक घ्या. प्रत्येक फेरीत एक बाद, शेवटी दोघं. म्हणजे सहा फेऱ्या. पहिली १५० सेकंदांची, पुढची प्रत्येक पंधरा सेकंदांनी कमी: १३५, १२०, १०५, ९०, ७५. एकूण ६७५ सेकंद, निव्वळ खेळ सव्वाअकरा मिनिटांचा. बाद होणं, जागा बदलणं, टाळ्या, जाहिरातदारांची नावं, सत्कार धरून पाऊण तास जातो. बझरवर एका प्रश्नाला वाचणं, दाबणं, उत्तर आणि रीसेट मिळून आठ सेकंद धरा. तर फेऱ्यांना चौऱ्याऐंशी प्रश्न लागतात, अंतिम जोडीला वीस, आणि वादात रद्द होणारे धरून एकशेवीस कार्डं तयार ठेवा. कमी पडली की सूत्रसंचालक मनाने विचारू लागतो, आणि तिथे खेळ हातातून जातो.

बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला वजा एक. वजा ठेवलं नाही तर सगळे डोळे मिटून दाबतात. सगळ्यात कमी गुणांचा बाद.

इथे एक अडचण येतेच. पहिल्या फेरीत प्रश्न फार तर अठरा. त्यातले बारा-तेरा दोन चलाख पोरं मारून नेतात आणि चार जण शून्यावर राहतात. मग बाद कुणाला करायचं? चिठ्ठी टाकली की खेळ मेला. त्याऐवजी त्या चौघांनाच बझरवर उभं करा. जो बरोबर उत्तर देतो तो सुटतो आणि जागेवर जाऊन बसतो. चौघांचे तीन होतात, तिघांचे दोन. शेवटी जो उरतो तो बाद. कार्यक्रमातला सगळ्यात भारी वेळ हाच असतो, कारण आता जिंकायला कुणी खेळत नाही, सगळे सुटायला खेळतात. हलगीवाला सांगितला असेल तर इथे वापरा. प्रश्न वाचताना बंद, वाचून झाल्यावर भोंगा वाजेपर्यंत चालू. माइकपासून त्याला दहा फूट लांब बसवा, नाहीतर उत्तर ऐकू येत नाही. रेकॉर्ड केलेल्या धडधडीच्या संगीतापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं लागतं.

बक्षिसाबाबत मंडळांचा हात सैल असतो. आठही जणांना सारखाच स्टीलचा डबा दिला की शेवटच्या फेरीत कुणाचा श्वास अडकत नाही. मोठं बक्षीस एकालाच. बाकीच्यांना काही द्यायचंच असेल तर ते खेळ सुरू होण्याआधी देऊन टाका, सहभागाचं म्हणून.

प्रश्न

प्रश्न बारा शब्दांच्या आत, आणि त्याला एकच उत्तर असलं पाहिजे. मांडवातली निम्मी भांडणं इथूनच उगवतात. "राजर्षी शाहूंचा जन्म कुठे झाला?" हा प्रश्न सोपा वाटतो म्हणून सगळे घेतात. अनेकांच्या तोंडी कागल बसलेलं आहे, जन्मस्थळाचं स्मारक कसबा बावड्यात लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये आहे. दोन्ही उत्तरं देणारा ठामपणे देतो. "पंचगंगेच्या पाच नद्या सांगा" हाही बझरसाठी नको. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती म्हणून होतं आणि पाचवी सरस्वती गुप्त, तेवढ्यात आठ सेकंद संपलेले. त्याऐवजी "पंचगंगेतली गुप्त मानली जाणारी नदी कोणती?" असं विचारा, एका शब्दात काम होतं. "सध्या", "आत्ताचा", "सगळ्यात मोठा" हे शब्द असलेली कार्डं काढूनच टाका.

उत्तर कार्डाच्या मागे लिहिलेलं असावं आणि पंच एकच असावा, शक्यतो दुसऱ्या पेठेतले शाळेचे सर. प्रश्न काढणाऱ्याने त्या रात्री स्टेजवर चढू नये. कार्डांची पेटी सगळ्यांसमोर उघडा, सील फोडून. नाटकी वाटेल, पण वर सांगितलेली कुजबुज थांबते.

सूत्रसंचालक

'वीकेस्ट लिंक'ची ब्रिटिश निवेदिका ॲन रॉबिन्सन स्पर्धकांना टोचून बोलण्यासाठीच प्रसिद्ध झाली. इथे तशी नक्कल करणारा हमखास आपटतो. उत्तराची थट्टा चालते, माणसाची नाही. "मावशी, उत्तर भारी होतं, फक्त प्रश्न दुसरा होता," यावर मावशीसुद्धा हसते. तिच्या शिक्षणावर किंवा घरच्यांवर गेलात तर तिचा पोरगा स्टेजवर येतो. बाद करताना बोलायचं कमी. गुणफलक दाखवायचा, तीन सेकंद गप्प राहायचं, नाव घ्यायचं. "आण्णा, दोन गुण. या." एवढंच. स्पष्टीकरण दिलं की ते माफी मागितल्यासारखं वाटतं.

बाद झालेल्यांना स्टेजवरून उतरवून गर्दीत सोडू नका. कडेला सात खुर्च्या मांडा, तिथे बसवा. टीव्ही बाद झालेल्याचा चेहरा पुन्हा पुन्हा का दाखवतो ते तेव्हा कळतं. पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत असतं आणि दाबायला बटण नसतं.

त्या दिवशी

डब्याला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला की मधल्या चार-पाच सेकंदांत डबा बंद पडून गुण पुसले जातात. राउटरला लावतात तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मध्ये जोडा, पण अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर यूपीएसच्या क्षमतेत बसतात का ते आधी बघा. तरीही गुण कागदावर लिहिणारा एक माणूस वेगळा हवाच.

गणपतीत पाऊस ठरलेला. जोडांवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तोंड खाली ठेवा. बांधलेली पिशवी वर तोंड करून राहिली तर तिच्यातच पाणी साठतं. मांडवाच्या कडेची बटणं शेवटी मांडा. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, उत्सवातले ठराविक दिवस सवलतीचे असतात, ते पोलीस ठाण्यातून आधी विचारून ठेवा. साडेसातची वेळ छापली तर खेळ सव्वाआठला सुरू होतो, हे गृहीत धरून साडेसातच छापा.

भाडं ठरवताना एका रात्रीचं की एका कार्यक्रमाचं हे विचारा, आणि जादा दोन बटणं व एक लांब वायर फुकट मागून घ्या, बहुतेक जण देतात. सोबत माणूस येणार असेल तर त्याचं जेवण तुमच्याकडे. खेळ संपला की लहान पोरं बटणांवर तुटून पडतात, तेवढ्यात निम्म्या घुमटांना तडे जातात आणि अनामत अडकते. म्हणून शेवटची टाळी वाजायच्या आत बटणं पेटीत भरा. मोजून परत देताना आठ बटणं, आठ वायरी, अडॅप्टर आणि भोंगा सापडतो. सूत्रसंचालकाचा रिमोट सापडत नाही. तो त्याच्या झब्ब्याच्या खिशात घरी गेलेला असतो.